पितळेवरची सातवी ओळ

पितळेची ती पाटी आंघोळीच्या खोलीत नळाच्या वर, डोळ्यांच्या उंचीवर चार स्क्रूंनी बसवलेली होती आणि तिच्यावर सिस्टरची अकरा वाक्यं कोरलेली होती. अक्षरं इतकी नेटकी, की पहिल्यांदा बघितली तेव्हा सिस्टरला आपलीच वाक्यं ओळखू यायला एक क्षण लागला होता.

सिस्टर म्हणजे नवजात बाळांच्या घरी जाणारी नर्स. आरोग्य केंद्रातून सकाळी साडेआठला निघायची, दिवसात सात घरं करायची आणि प्रत्येक घराला पहिल्या भेटीत एक कार्ड द्यायची. बाळाची आंघोळ, अकरा ओळींत. केंद्राचं छापील पत्रक चार पानी होतं आणि ते कुणी वाचत नाही हे तिला पहिल्याच वर्षी कळलं. म्हणून तिनं स्वतः ओळी लिहिल्या, छापून घेतल्या, वर प्लास्टिकचं आवरण घालून घेतलं. पाण्यात आधी आपलं कोपर, मग बाळ. एक हात कायम बाळावर. कानात काहीही घालू नये. खाली तिची सही. बावीस वर्षांत कार्डाची कागदाची जात बदलली, रंग दोनदा बदलला, शब्द एकदाही बदलला नाही. सिस्टरचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, असं लोक म्हणत. पाट्यावाल्यानं ती पितळेवर ओढली, एवढाच फरक.

पाट्यावाला हा बाळाचा बाप. लिफ्टच्या, यंत्रांच्या, दारांच्या पाट्या कोरणं हा त्याचा धंदा. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर मूल झालं आणि तो पोराच्या आंघोळीला असा उभा राहायचा, जसा कामगार नव्या मशीनपुढे राहतो: बाह्या वर, हात धुतलेले, नजर पाटीवर. एक ते अकरा, रोज, याच क्रमानं. त्याची बायको शहर-बस चालवायची. अकरा नंबरची बस, पहिली पाळी. तिला बसवालीच म्हणत. ती म्हणायची, "ह्याला पोर दिलं नसतं आणि नुसती पाटी दिली असती, तरी हा पाटीला आंघोळ घालत बसला असता."

पोर गुबगुबीत होतं. त्याला भोपळ्या म्हणत.

भोपळ्या नऊ महिन्यांचा असताना एका मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी सिस्टरचा फोन वाजला. पाट्यावाला बोलत होता.

"सिस्टर, रक्त आलंय."

"कुठून?"

"तिथून. म्हणजे... शूच्या जागेतून."

"शिश्न म्हणा. कान म्हणता, नाक म्हणता, तसंच. किती रक्त?"

"लंगोटावर तीन ठिपके. आणि रडतोय."

"ओढूबिढू नका, पुसू नका. स्वच्छ कापड ठेवा. मी आले."

ती पंधरा मिनिटांत पोहोचली. बसवालीची त्या दिवशी सुट्टी होती. भोपळ्या तिच्या खांद्यावर हुंदके देत होता आणि पाट्यावाला भिंतीला टेकून उभा होता, ओले हात अंगापासून लांब धरून, जसे ते दुसऱ्याचे असावेत. सिस्टरनं हात धुतले, बाळाला टेबलावर घेतलं, दिव्याखाली बघितलं. टोकावरच्या त्वचेची कड एका बाजूला फाटली होती. लाल, ओली, बारीकशी. जवळच त्वचेखाली मोहरीएवढा पांढरा मणी दिसत होता.

"काय केलंत?"

"सातवी ओळ," तो म्हणाला.

सिस्टरला ओळ पाठ होती. मुलगा असेल तर शिश्नाच्या टोकावरची त्वचा रोज आंघोळीत हलकेच मागे ओढून आतून स्वच्छ करावी.

"हलकेच लिहिलंय."

"हलकेच म्हणजे किती ते नव्हतं ना लिहिलेलं," तो म्हणाला. तक्रार नव्हती त्यात, माहिती होती. "म्हणून मी आपला रोज कालच्यापेक्षा केसभर जास्त. पितळेवर तसंच करतो आम्ही. एका फेरीत खोल नाही जायचं, रोज केसभर. आठ महिने काही झालं नाही. गेल्या आठवड्यात तो पांढरा दाणा दिसला. मला वाटलं पू आहे. म्हटलं, आत घाण राहिली, आपलंच काम कमी पडतंय. आज जरा जास्त..."

"आठ महिन्यांत किती दिवस चुकवलात?"

"एकही नाही."

बसवाली म्हणाली, "तेच म्हणतेय मी. एखादा दिवस तरी आळस करायचास की रे माणसा! सगळ्या जगाचे नवरे आळशी, माझाच कसा नेमका कामसू निघाला?"

मंगळवार हा केंद्रात लहान मुलांच्या सर्जनचा दिवस. डॉक्टरीण तरुण होती, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. सिस्टरच्या पायातले बूट तिच्या डिग्रीपेक्षा जुने होते आणि हे दोघींनाही माहीत होतं. तिनं भोपळ्याला तपासलं. काहीही ओढलं नाही, नुसतं दोन बोटांनी बाजूला धरून बघितलं. सिस्टरचं लक्ष तिच्या बोटांवर होतं.

"शू करताना टोकाशी फुगा येतो?"

"नाही," बसवाली म्हणाली.

"धार कशी आहे? सरळ?"

"आजपर्यंत तीनदा माझ्या युनिफॉर्मवर. एकदम सरळ."

डॉक्टरीण हसली आणि मग पाट्यावाल्याकडे वळून बोलू लागली, कारण ऐकण्याची गरज त्याला सगळ्यात जास्त होती हे तिला दिसत होतं. "जन्मतः ही त्वचा आतल्या टोकाला चिकटलेलीच असते. नखाखालची कातडी नखाला असते, तशी. हा आजार नाही. ती आपोआप, हळूहळू सुटते. कुणाची तिसऱ्या वर्षी, कुणाची दहाव्या, कुणाची त्याच्याही नंतर. आपण ओढली तर सुटत नाही, फाटते. आणि फाटलेलं भरून येताना दोन ओल्या कडा एकमेकींना धरून बसल्या, तर ते पक्कं चिकटतं. ते मग आपोआप सुटेलच असं नाही."

"आणि पू?"

"पू नाहीच तो. आतल्या जुन्या पेशी साचून त्यांचा मणी होतो. उलट तो सुटण्याचीच खूण आहे. त्वचा आपलं काम करत होती."

पाट्यावाल्यानं मान हलवली. "म्हणजे काम चालू होतं आणि मी मधेच मशीन उघडलं."

"तसं म्हणा. पण मशीन मोडलेलं नाही. आता आठवडाभर हे मलम, मग दुसरं देईन. दिवसातून दोनदा, फक्त कडेवर, पातळ. ओढायचं नाही. सहा आठवड्यांनी बघू. एखादी जागा चिकटून राहिलीच, तर मोठा झाल्यावर भूल देऊन दहा-पंधरा मिनिटांचं काम असतं. घाबरू नका." तिनं पेन उघडलं आणि सहज विचारलं, "पण हे ओढायचं सांगितलं कुणी तुम्हाला?"

"कुणी नाही," पाट्यावाला म्हणाला. "माझीच अक्कल."

खोलीतल्या घड्याळाला सेकंदकाटा होता. सिस्टर दाराशी उभी होती. तिनं काटा चार घरं सरकताना बघितला. पाट्यावाल्यानं तिच्याकडे वळूनही बघितलं नव्हतं. बसवालीनं बघितलं होतं, आणि तोंड मिटून घेतलं होतं. त्या चार सेकंदांचा हिशोब सिस्टर पुढे कित्येक दिवस स्वतःला विचारत राहिली. नाडी मोजणाऱ्या बाईला चार सेकंद म्हणजे किती ते चांगलं ठाऊक असतं.

"मी सांगितलं," ती म्हणाली. "नुसतं सांगितलं नाही, छापून दिलंय. खाली सही आहे."

डॉक्टरीण जरा गडबडली. "सिस्टर, जुन्या शिकवणीत असंच सांगायचे. तुमची चूक..."

"जुनी शिकवण घरोघर जात नाही, डॉक्टर. मी जाते. ही ओळ मला नर्सिंगच्या शाळेत आमच्या बाईंनी शिकवली, मी खात्री न करता बावीस वर्षं पुढे शिकवली. आता एक सांगा, बाकीच्या दहा ओळी बघाल?"

"आत्ता? बाहेर अकरा पेशंट आहेत."

"दुपारी दोनला येते."

दोनला ती कार्ड घेऊन गेली. डॉक्टरणीनं एकेक ओळ वाचली. नऊ ओळी जशाच्या तशा उतरल्या, चौथ्या ओळीतला 'रोज' हा शब्द काढावा असं ठरलं, आणि सातवी उलटी झाली: शिश्नाच्या टोकावरची त्वचा मागे ओढू नये. बाहेरून पाणी पुरे. ती आपोआप सुटते.

केंद्राच्या प्रमुख मोठ्या बाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, परत घातला.

"पुढच्या छपाईत बदलून टाकू. बोभाटा कशाला?"

"पुढची छपाई चार महिन्यांनी आहे. माझ्या वहीत तीन वर्षांखालचे त्रेसष्ट मुलगे आहेत. त्यातल्या प्रत्येकाच्या घरात रोज सकाळी सातवी ओळ टांगलेली असते."

"मग फोन करून टाक."

"फोनवर सांगितलं तर लोक म्हणतील, कुणीतरी फोन केला होता. कार्ड मी दारात जाऊन दिलंय, दारात जाऊनच परत घेणार."

"अगं, लोक काय म्हणतील? उद्या तू म्हणशील दूध पाजू नका, तरी विश्वास ठेवायचा का त्यांनी? बावीस वर्षांचं नाव आहे तुझं. आपल्याच हातानं पाण्यात घालणार?"

"बाई, ज्या आवाजात 'ओढा' म्हणून सांगितलं, त्याच आवाजात 'ओढू नका' सांगणार. आवाज बसला तर नाव गेलं समजा. बसू देणार नाही."

मोठ्या बाईंनी सुस्कारा सोडला. "तुझ्यापुढे बोलायचं म्हणजे भिंतीशी बोलणं."

"भिंतीला कार्ड टांगता येतं," सिस्टर म्हणाली आणि त्रेसष्ट नवी कार्डं केंद्राच्या यंत्रावर छापायला लावली.

दुसऱ्या दिवसापासून ती रोजची सात घरं करून वर आणखी पाच करू लागली. पद्धत ठरलेली. दारात उभं राहायचं, जुनं कार्ड मागायचं, नवं द्यायचं आणि एका दमात सांगायचं: "सातवी ओळ चुकीची होती. माझी चूक. आजपासून ओढायचं नाही. आत्तापर्यंत ओढत होतात का, आणि कधी रक्त, सूज, रडणं?" उत्तर वहीत. मग पुढचं घर.

तिनं मनाशी बरंच काही धरलं होतं. लोक भडकतील, दार लावतील. एका घरात आजी मात्र टाळी वाजवून बाहेर आली. "बघ गं सुनबाई! मी काय म्हणत होते? मी चार पोरं वाढवली, एकाच्याही त्याला कुणी हात लावला नव्हता. चौघंही धडधाकट!"

सून म्हणाली, "आई, तुम्ही तर म्हणाला होतात, सिस्टर सांगतात ते ब्रह्मवाक्य."

"ते दुधाबद्दल!"

"आजी, त्याला शिश्न म्हणतात," सिस्टर म्हणाली.

"तुला म्हणायचं ते म्हण बाई. मी जिंकले एवढं लिही वहीत."

सिस्टरनं खरंच लिहिलं. 'आजी: बरोबर होत्या.'

एका घरात बाप तडकला. सुतार होता, हातात कानस तशीच. "सातवी चुकली म्हणता. मग आठवी कशावरून बरोबर? आम्ही काय तुमच्या प्रयोगाला बसलोय?"

"विचारायलाच हवं होतं तुम्ही," सिस्टर म्हणाली. "दहाही ओळी डॉक्टरांपुढे एकेक तपासून घेतल्या. चौथीतला एक शब्द गेला. बाकी नऊ जशाच्या तशा. त्यांची सही माझ्या सहीच्या शेजारी आहे, ही बघा. पुढेही दर वर्षी तपासून घेणार. आणखी काही?"

सुतारानं दोन्ही सह्या निरखून बघितल्या. "हे आधी का नाही केलंत?"

"सुचलं नाही."

त्यानं कानस खाली ठेवली आणि कार्ड घेतलं.

पण सगळ्यात जिव्हारी लागलं ते वेगळंच. त्रेसष्ट घरांपैकी एकेचाळीस घरांत सातवी ओळ कधी पाळलीच गेली नव्हती. "एवढं खालपर्यंत कोण वाचतं हो सिस्टर?" एक आई हसत म्हणाली, "आम्ही आपलं कोपर बुडवतो आणि घालतो." सोळा घरांत दोन-चार दिवस करून, पोर रडतंय म्हणून सोडून दिलं होतं. पाच घरांत अधूनमधून. अकरा ओळींतली ओळ न् ओळ रोज पाळणारा माणूस सगळ्या वस्तीत एकच निघाला. जो सगळ्यात जास्त ऐकत होता, त्याच्याच घरात रक्त आलं. हा आकडा सिस्टरनं वहीत लिहिला आणि वही मिटून पाच मिनिटं बाकावर बसून राहिली. ती पाच मिनिटं वगळली तर त्या तेरा दिवसांत ती कुठे थांबली नाही.

त्या पाच घरांतल्या पाचही मुलांना तिनं डॉक्टरणीला दाखवलं. कुणालाही इजा नव्हती.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी ती अकरा नंबरच्या बसमध्ये चढली. बस शेवटच्या थांब्यावर रिकामी उभी होती, सुटायला सहा मिनिटं होती. बसवाली चाकामागे पाणी पीत होती.

"कसा आहे भोपळ्या?"

"पोर मजेत. जखम भरली. मलम आई लावते माझी, महिनाभर राहायला आलीय." तिनं बाटलीचं झाकण फिरवलं. "पोराच्या बापाचं विचारा."

"त्याचं काय?"

"आंघोळ घालत नाही. त्या दिवसापासून नाही. लंगोटसुद्धा बदलत नाही. पोरानं हात पुढे केले की हा हात खिशात घालतो. म्हणतो, माझ्या हाताचा भरवसा नाही. ज्या हातानं सुईच्या टोकाएवढं अक्षर कोरतो ना सिस्टर, त्याच हाताला म्हणतो भरवसा नाही! आणि पाटी काढून टाकली. भिंतीला चार भोकं आहेत नुसती."

"तुम्ही काय म्हणालात?"

"पहिल्या दिवशी रागावले, दुसऱ्या दिवशी समजावलं, तिसऱ्या दिवसापासून आईला कामाला लावलं. पण सोमवारी आई भावाकडे जातेय. माझी बस पहाटे निघते. सकाळची आंघोळ आणि मलम कोण करणार? तो म्हणतो, बाई ठेवू. स्वतःच्या पोराला हात लावायला परकी बाई!" तिनं आरशात बघितलं. एक म्हातारा माणूस चढत होता. "सिस्टर, तुमचं कार्ड तो देवाच्या वर मानत होता. गाडी तुम्ही घाटात सोडलीत, आता वर तुम्हीच आणा."

"सोमवारी सव्वासात," सिस्टर म्हणाली आणि उतरली.

सोमवारी सव्वासातला पाट्यावाल्यानं दार उघडलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचं दिसलं. "बरं झालं आलात. पाणी काढलंय. टॉवेल इथे. मलम तिथे." आणि तो बाजूला झाला.

सिस्टरनं पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि आंघोळीच्या खोलीत भिंतीला टेकून उभी राहिली.

"करा सुरू."

"मी?"

"मग काय मी? बाळ तुमचं."

"सिस्टर, नको. माझ्या हातानं..."

"तुमच्या हातानं काय केलं? मी सांगितलं ते. तुमचा हात चुकला नव्हता, माझी ओळ चुकली होती. त्रेसष्ट घरं फिरले मी. एवढा तंतोतंत हात एकाही घरात सापडला नाही. बाकीच्यांना सातव्या ओळीपर्यंत पोहोचायचाही कंटाळा." "आता ओळ बरोबर आहे. आता असाच हात पाहिजे. कोपर घाला."

जमिनीवर चटईवर बसलेला भोपळ्या बापाकडे बघत दोन्ही हात वर करून ओरडला. पाट्यावाल्याचे हात खिशाकडे गेले.

"खिशात साबण आहे का?" सिस्टरनं विचारलं.

तो कसनुसा हसला. मग त्यानं बाह्या वर केल्या, हात धुतले आणि पाण्यात कोपर घातलं. सवयीनं त्याची नजर भिंतीकडे गेली. तिथे चार भोकं होती.

"दोन," सिस्टर म्हणाली.

"एक हात कायम बाळावर." म्हणतानाच त्याचा हात बाळाखाली सरकला. पोर पाण्यात गेलं आणि दोन्ही पायांनी पाणी उडवायला लागलं. तीन, चार, पाच. सहाव्या ओळीला बापाच्या तोंडून एक जुनं बडबडीचं गाणं निघालं, ते त्याचं त्यालाही कळलं नसावं. सातव्या ओळीपाशी तो थांबला.

"बाहेरून पाणी," सिस्टर म्हणाली.

"एवढंच?"

"एवढंच."

"ओंजळीनं?"

"ओंजळीनं."

त्यानं ओंजळभर पाणी सोडलं आणि हात लगेच मागे घेतला. "आणि आत काही साचलं तर?"

"साचू द्या. आत काय चाललंय ते त्याचं काम. तुमचं काम बाहेर."

आठ ते अकरा झाल्या. टॉवेलवर घेऊन अंग टिपलं. मग मलम. ट्यूबमधून त्यानं करंगळीवर तांदळाच्या दाण्याएवढं घेतलं, उजेडाकडे धरून बघितलं, त्यातलं निम्मं पुसून टाकलं. श्वास रोखून त्यानं ते कडेवर टेकवलं आणि गोल फिरवलं, काहीही न ओढता. पॉलिश करताना कापड फिरतं, तसं. भोपळ्या मूठ चोखत होता. त्याला कशाचाच पत्ता नव्हता.

"झालं?" पाट्यावाल्यानं विचारलं. श्वास अजून सोडला नव्हता.

"झालं. श्वास घ्या, नाहीतर तुम्हाला न्यावं लागेल केंद्रात."

दोन आठवड्यांनी डॉक्टरणीनं परत तपासलं. कड मऊ झाली होती, भरून आली होती. डाव्या बाजूला एका ठिकाणी धाग्याएवढी त्वचा टोकाला धरून राहिली होती. हे जन्माचं चिकटलेलं नव्हतं, जखमेचं होतं. "मलम अजून दोन महिने. सुटलं तर उत्तम. नाही सुटलं तर चार-पाच वर्षांचा झाल्यावर सोडवू. त्याच्यामुळे त्याचं काही अडणार नाही." पाट्यावाल्यानं सगळं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला: "दोन महिने म्हणजे नेमके किती दिवस?" डॉक्टरणीनं साठ सांगितलं. एकसष्टाव्या दिवशीचं काय, हे तो विचारणार हे ओळखून तिनं पुढची तारीखही देऊन टाकली.

बाहेर आल्यावर त्यानं पिशवीतून पाटी काढली. तीच पितळेची. चौथ्या ओळीतला 'रोज' पुसून गेला होता आणि सातव्या ओळीच्या जागी घासून घासून एक उथळ, लांबट खळगा पडला होता.

"ओळ घालवली," तो म्हणाला. "पण पितळ आहे. घासलं की खड्डा पडतो. दिसतोच. सबंध पाटी नवी करू का? कुणाला कळणारही नाही."

सिस्टरनं खळग्यावरून अंगठा फिरवला. मोठ्या बाईंचं 'पुढच्या छपाईत' तिला आठवलं.

"नवी नको. त्याच खळग्यात कोरा."

"तुमच्या मूळ ओळीपेक्षा ही लहान आहे. जागा उरेल."

"उरू द्या. उरलेल्या जागेत 'दुरुस्त' लिहा, आणि तारीख."

त्यानं ओठ हलवत अक्षरं मोजली. "बसेल," तो म्हणाला.

पाटी त्याच रविवारी भिंतीवर परत चढली, त्याच चार भोकांत. सोमवारच्या फेरीत सिस्टर तपासायला म्हणून गेली तेव्हा आंघोळ चालू होती. बसवालीची दुसरी पाळी होती, ती दारात चहा पीत उभी होती आणि सूचना देत होती. "डावीकडे घे. अरे, वळण घेताना आधी आरसा बघावा!" पाट्यावाला तिच्याकडे लक्ष न देता ओळी म्हणत होता. सातवीला त्यानं ओंजळभर पाणी सोडलं, हात मागे घेतला, आणि नेमक्या त्याच वेळी भोपळ्यानं आपलं काम केलं. धार वर गेली, कमानीत फिरली, बापाच्या छातीवर आणि तिथून पितळेच्या पाटीवर.

"अगं आई गं!" बसवाली चहासकट मागे सरली. "कालच चढवलेली पाटी!"

पाट्यावाला निथळत उभा होता. एक हात बाळावर होता, तो त्यानं हलवला नाही. मग तो हसायला लागला, इतक्या मोठ्यानं की पोरही दचकून हसायला लागलं. खळग्यातल्या अक्षरांवरून थेंब ओघळत होते.

सिस्टरनं वही उघडली. तारीख, वेळ. फुगा नाही. धार सरळ, जोर चांगला. आंघोळ: वडील.